काहीच न करणारी क्रिया

ठकूचा प्रबंध सोमवारी जमा व्हायचा होता आणि शुक्रवारी सकाळीच तिच्या सरांचा फोन आला. आई इस्त्री करत होती. पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण लेकीचं "हो सर" दर खेपेला बारीक होत गेलं, तशी आईने इस्त्री उभी करून ठेवली.

लहानपणापासून पोरीला खेळापेक्षा खेळाचे नियम प्यारे. पत्त्यांचा डाव ऐन रंगात आला की विचारायची, "हाच नियम दुसऱ्या खेळात चालेल का?" मग तिच्याशी कुणी खेळेना. मोठेपणी तेच घेऊन बसली, फक्त आता त्याला हायपरआयडेंटिटी म्हणत. तिनं आईला समजावलं होतं: दोन वस्तू घेऊन एक परत देणारी रीत, ती क्रिया. मोजक्या क्रिया एकमेकींत गुंफून जेवढ्या होतील, त्या सगळ्यांचं कुटुंब म्हणजे क्लोन. त्यातली कुठलीही उचलून बसवली तरी न मोडणारा नियम, ती हायपरआयडेंटिटी.

"असा सगळ्यांना लागू नियम आपल्या घरात तरी एकही नाही," आई तेव्हा म्हणाली होती.

ठकूला मात्र एक सापडला होता. ऐन उमेदीची वर्षं त्यावर गेली होती.

"काय झालं गं?"

"सरांना चूक सापडली. दोन वस्तू घ्यायच्या आणि दुसरी जशीच्या तशी परत द्यायची. हीसुद्धा क्रियाच, आणि ती प्रत्येक क्लोनमध्ये असतेच. तिच्यात काहीच घडत नाही म्हणून मी नियम तपासणाऱ्या प्रोग्रॅममधून काढली होती."

"मग घाल परत."

"आत्ताच मनातल्या मनात घालून बघितली. समीकरणाच्या डावीकडे उरतो क्ष, उजवीकडे य, आणि मधे बरोबरचं चिन्ह. म्हणजे जगातल्या सगळ्या वस्तू एकच. नियम गेला, आई."

"तेवढी एक सोडून बाकीच्यांना लागू, असं लिही."

"ते आधीच कुणीतरी लिहिलंय."

शाळेत हिच्या मार्कांची बेरीज चुकली तेव्हा आई पदर खोचून बाईंशी भांडायला गेली होती.

"मी बोलू सरांशी?"

"काय सांगशील?"

ठकूने प्रबंध मागे घेत असल्याचं सरांना लिहायला लॅपटॉप उघडला.

"तू जरा तिकडे बस ना."

आई पलीकडच्या खोलीत जाऊन बसली. कीबोर्ड वाजत होता तोवर बरं होतं. मग तोही थांबला, आणि लेकीकडे जावं की बसून राहावं, हे तिला ठरवता येईना.