नाक खोटं, नळी खरी

माझी मावशी आयुष्यभर स्नायू कसा आकसतो तेच बघत आली. प्रयोगशाळेत, बर्फात खोचलेल्या बारक्या नळ्यांसमोर. मी शाळा सोडली तेव्हा सगळ्या घरानं मला ढ ठरवलं. हिनं मला मूठ वळायला लावली.

"पकडायला नाही गं, सोडायला ताकद लागते. इंधन संपलं की स्नायूची पकड सुटतच नाही. आणि आपल्या घरातली हृदयं नीट सैल होत नाहीत."

ती लहान असताना आजोबा जिन्यात कोसळून गेले. कारण पुढे तिनंच शोधलं. रक्तातून उतरणारा दोष, कुणाला मिळतो, कुणाला नाही. मग तिनं भावंडांचं रक्त तपासलं. तिच्यात दोष निघाला, माझ्या आईत नाही. मामा बस चालवायचा, त्याला म्हणे सुट्टी नव्हती. डेपोजवळच्या दवाखान्यातून स्वतःच नळी भरून आणली. मावशीनं घेतली. सख्ख्या भावाला काय उलटं विचारायचं?

रक्त एकदम स्वच्छ. पण मावशीच्या रक्ताशी कुठंच जुळेना. तिनं ठरवून टाकलं, दादाला बाहेरून आणलंय आणि आईनं आपल्यापासून लपवलंय. अहो, मामाचं नाक म्हणजे आजोबांचंच नाक! फोटो भिंतीवर आहे. पण बाईचा नाकापेक्षा नळीवर भरवसा. कुणाला बोलली नाही. फक्त आजीशी तुटक वागायला लागली.

"माझं काय चुकलं गं?" आजी विचारायची. विचारत विचारतच गेली.

मामाच्या पोराला मात्र मावशीनं मोकळं सोडलं. "आत्या, शर्यतीत उतरू?"

"उतर की. तुला काही धाड भरलेली नाही."

परवा तो मैदानात पडला. कुणीतरी छाती दाबत राहिलं म्हणून वाचला. डॉक्टर म्हणाले, हृदय जाड झालंय, घराण्यातलं दिसतंय.

"शक्यच नाही," मावशी म्हणाली. "ह्याच्या बापाचं रक्त मी स्वतः तपासलंय."

दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या मामानं मान खाली घातली. "बारके, ते कंडक्टरचं होतं."

"काय?"

"रक्त. माझं लायसन गेलं असतं गं."

मी म्हटलं, "मग मामा, पोरगा पण कंडक्टरचाच पडायला हवा होता."

आईनं मला चिमटा काढला. काढू दे.

मावशी मामासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "दादा, मी आईवर संशय घेतला. तुझ्यावर नाही घेतला."

मामानं बाही वर सारली. "आता घे. हवं तेवढं घे."

तिनं दंडाला पट्टा बांधला. सुई हातात घेतली आणि थांबली. दारातल्या नर्सला हाक मारली.

"सिस्टर, जरा इथं उभ्या राहा. नळी भरताना बघा आणि लेबलवर सही करा."

"बारके, अगं, मी तुझा भाऊ आहे!"

"तेच तपासायचंय," मावशी म्हणाली.

नळी भरली. तिनं पट्टा सोडला. "मूठ सोड, दादा."

मामाची मूठ सुटेना.