आप्पांनी परत पाठवलेली साडी

सातव्या महिन्यात मी बोरगावला माहेरी आले तेव्हा माझा सगळा वेळ झोप आणि जाग यांच्या मधे कुठंतरी जायचा. दुपारी सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, चटईवर पडलं की पंख्याची घरघर लांबच्या पाण्यासारखी वाटायची. वाऱ्यावर तंबाखूचा कडसर वास यायचा. आई शेजारणीशी कन्नडमध्ये बोलत असायची, आणि ते शब्द माझ्यापर्यंत पोचेतो त्यांचा अर्थ विरघळून गेलेला असायचा.

अशाच एका दुपारी आप्पा, माझे वडील, जवळ येऊन बसले. जन्मभर ऊस आणि तंबाखूत राबलेला माणूस. त्याआधी त्यांनी कुणासाठी साडी निवडल्याचं मला आठवत नाही. त्यांनी फोन पुढं केला.

"तुझ्या डोहाळजेवणाला मागवलीय गं. रंग मीच बघितला."

पडद्यावर काहीतरी हिरवं होतं. भाताच्या रोपाचं हिरवं की पोपटाचं, ते माझ्या झोपाळू डोळ्यांना कळलं नाही. "लई छान हाय, आप्पा," म्हणत मी कूस बदलली. कार्यक्रमाच्या आधी मिळणार, असं त्यांनी तारखेसकट वाचून दाखवलं.

ती तारीख गेली. आप्पा रोज फोनवर साडीचा प्रवास बघायचे. साडी हुबळीला होती, मग कोल्हापूरला, मग पुन्हा हुबळीला. म्हणजे ती आमच्या जवळच्या निपाणीवरून हमरस्त्यानं दोनदा गेली होती आणि थांबली नव्हती. मला स्वप्न पडायचं : उसाच्या तुऱ्यांवरून एक हिरवा पदर सरकत चाललाय, आणि मी हाक मारते तर तोंडातून आवाजच फुटत नाही.

डोहाळजेवण झालं. मी आक्काची, म्हणजे थोरल्या बहिणीची, हिरवी साडी नेसले. फुलांचे दागिने, ओटी, गाणी, सगळं झालं. आप्पा मात्र सारखे फाटकाकडं बघत होते. जेवतानाही त्यांची पाठ आमच्याकडं आणि तोंड रस्त्याकडं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस मोडक्या कन्नडमध्ये म्हणाला, माल फाटका असेल तरच परत घेतो. उशिराला आम्ही काय करणार? एक साडी चार दिवस मागंपुढं झाली तर काय बिघडलं? आप्पांनी फोन खाली ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते.

आक्का बेळगावात टिळकवाडीत राहते आणि एका वकिलांच्या ऑफिसात काम करते. ती म्हणाली, "आप्पा, कबूल केलेल्या तारखेला माल आला न्हाय तर तो परत घ्यायलाच पायजे, पैसे द्यायलाच पायजेत. ऑनलाइन विक्रीचा तसा कायदाच हाय."

"साडीसाठी कोर्टात जाऊ व्हय?"

"आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहू. न्हाय ऐकलं तर सरकारी ग्राहक हेल्पलाइन हाय. त्याच्याही पुढं जायचं झालं तर ग्राहक आयोग आपल्या बेळगावातच हाय, त्यांच्या गावाला जायला लागत न्हाय."

तिनं आप्पांच्याच फोनवरून कबूल केलेल्या तारखेचा फोटो जोडून तक्रार लिहिली. कंपनीनं पुन्हा तेच गुळमुळीत उत्तर दिलं. मग तिनं हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. काही दिवसांनी कंपनीतल्या एका बाईचा फोन आला. ती आप्पांना कन्नडमध्ये नीट "अहो-जाहो" करून बोलली, माफी मागितली, म्हणाली : पार्सल आलं की ठेवा किंवा न घेता परत पाठवा, तुमची मर्जी.

पार्सल आलं तेव्हा मी सोप्यात लवंडले होते. मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. आप्पा पाकीट हातात धरून दारात उभे राहिले. मागं इतकं ऊन होतं की मला त्यांचा चेहरा दिसेना.

"तुझी हाय. ठेवायची का?"

पाकीट फोडावं, तो रंग एकदा तरी बघावा, असं फार वाटलं. पण आता बघून काय करायचं, तो दिवसच गेला नव्हता का? "तुम्हाला काय वाटतं, आप्पा?"

त्यांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. "साडी चांगलीच असंल गं. पर मी ती त्या दिवसासाठी घेतलती."

"मग द्या परत."

ते फाटकापर्यंत गेले आणि मोटारसायकलवर थांबलेल्या पोराला पाकीट माघारी देऊन आले. पैसेही यथावकाश खात्यात आले.

त्या संध्याकाळी शेजारचे दोघंतिघं कट्ट्यावर बसले होते. "असं परत देता येतं व्हय?" कुणीतरी विचारलं. आप्पा सांगू लागले. तारीख, तक्रार, ती फोनवरची बाई, सगळं सावकाश, मधेच कन्नडमध्ये, मधेच मराठीत. त्यांना एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. पोटात बाळ हललं. मी उशीवर डोकं टेकलं, आणि त्यांचं बोलणं चालू असतानाच मला गाढ झोप लागली.