सहाव्या तकबिरीनंतर

फोन आला तेव्हा मी एका बाईंच्या ब्लाउजचं माप घेत होते. कसालच्या बाजारात माझं शिवणाचं छोटं दुकान आहे, आणि दुपारच्या वेळी तिथे फोन आला तर तो बहुतेक 'माझा ड्रेस झाला का' असाच असतो. पण हा दिगंबरकाकांचा होता. देवगडला बंदराच्या वाटेवर बाबांचं जाळी-दोरांचं दुकान, आणि त्याला लागून दिगंबरकाकांचं चहाचं. त्यांनी मला आजवर कधी फोन केला नव्हता. "सलमा, बाबांका आमी दवाखान्यात घेवन इलंव..." आणि मग, "काय रवला नाय गो." यावर मी काय विचारावं? मी विचारलं, "जेवले मां ते?" काका तिकडे रडायला लागले. मी फोन ठेवला, समोरच्या बाईंना म्हटलं, "हात वर करा," आणि त्यांच्या बाहीचं माप घेतलं. शेवटी त्यांनीच माझ्या हातातली टेप काढून घेतली आणि मला स्टुलावर बसवलं.

त्याला आता दीड महिना होत आला, तरी मला तो प्रश्न मूर्खपणाचा वाटत नाही. जेवायच्या वेळेलाच गेले ते. आणि त्याच सकाळी तर माझ्याशी बोलले होते! रमजानला आठवडा उरला होता. "पयलो रोजो हयसर येवन सोड, नसरीन तुझी वाट बघता," असं धाकट्या बहिणीचं निमित्त सांगून, माझं उत्तर न ऐकताच, नेहमीसारखा फोन ठेवून दिला होता. एवढ्या घाईच्या माणसाचं असं काही होईल असं कोणाला वाटेल? ना कसला आजार, ना गोळ्या. शेजारच्या म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे सोडायला हेच स्कूटर काढायचे.

झालं ते असं. एक मच्छीमार दोर घ्यायला आला होता. बाबा दोर वावांवर मोजत. दोन्ही हात पसरले की एक वाव. गप्पा मारत, चहा पीत, समोरच्याची टिंगल करत त्यांचे शंभर-दोनशे वाव मोजून होत, आणि आकडा चुकला असं कधी कोणी म्हटलं नाही. त्या दिवशी मोजता मोजता ते मध्येच थांबले. हात पसरलेलेच. गिऱ्हाइकाला वाटलं, आकडा विसरले, आठवत असतील. म्हणून तो बिचारा गप्प उभा राहिला. मग बाबा दोराच्या वेटोळ्यावर बसले, आणि संपलं. हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर, तिथे मागे आई नव्हती. हे वाचणाऱ्याला कळायचं नाही. त्यासाठी लॉकडाऊनमधली ती ईद सांगावी लागेल.

माझा नवरा कुवेतला असतो. सासू-सासरे नाहीत. लॉकडाऊन लागलं तेव्हा मी चार दिवसांसाठी म्हणून देवगडजवळ जामसंड्याला माहेरी आले होते आणि तिथेच अडकले. अख्खा रमजान घरात गेला. मशिदीतून अजान व्हायची, पण आत जायला मनाई. ईदला तरी काहीतरी होईल अशी बाबांना आशा होती. ईदच्या सकाळी ते आंघोळ करून, ठेवणीतला पांढरा सदरा घालून, टोपी चढवून, अत्तर लावून तयार झाले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. एसटी निघून गेल्यावर स्टँडवर माणूस उभा राहतो ना, तसे. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. दरवर्षी याच वेळी पुरुष मंडळी घोळक्याने नमाजाला निघायची. आम्ही बायका मात्र पहाटेपासून चुलीपाशी. शिरखुर्मा, मटण आणि नारळाच्या रसातली तांदळाची सांदणं... नमाज पढून आलेल्यांच्या ताटात सगळं गरम पडलं पाहिजे ना! आमच्या घरी बायकांची ईद अशीच असायची, आणि त्यात काही कमी आहे असं आम्हालाही कधी वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. मौलवींशी फोनवर बोलून आले होते. घरातल्या घरात ईदची नमाज चालते, असं मौलवींनी सांगितलं होतं.

"चूल बंद करा. वजू करून येवा. जमात घरातच होतली."

आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "आणि सांदणां?"

"सांदणां थांबतली."

"वाफ थांबाची नाय," आई म्हणाली. पण हातपाय-तोंड धुवून वजू करायला उठली. मी आणि धाकटी नसरीन एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्या घराण्यात बाईने ईदची नमाज जमातीत, म्हणजे सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहून, पढल्याचं ऐकिवात नव्हतं.

पडवीत चटई अंथरली. पुढे बाबांची नमाज पढायची हिरवी जानमाज, मागे रांगेत आम्ही तिघी, मधे आई. बाबांनी आयुष्यात कधी इमाम होऊन नमाज पढवली नव्हती, त्यामुळे त्यांचे कान लाल झाले होते. ईदच्या नमाजात पहिल्या फेरीत, म्हणजे रकातीत, सात जादा तकबिरी असतात. दर वेळी हात वर उचलून 'अल्लाहु अकबर' म्हणायचं, असं सात वेळा. बाबांचा आवाज आधी कापरा होता, मग लागला. चौथी झाली, पाचवी झाली, सहावी झाली... आणि बाबा थांबले. हात बांधून नुसते उभे. पुढे जावं की आणखी एक म्हणावी, त्यांना काही कळेना. पडवीत अशी शांतता की सांदणांच्या टोपावरचं झाकण हलताना ऐकू येत होतं. नमाजात इमामाची चूक दाखवायची तर बाईने बोलायचं नसतं, टाळी वाजवायची असते. हे आम्हाला माहीत होतं, पण हिंमत कोणाची होणार? आणि आईने वाजवली. एकच. बाबा दचकले, त्यांनी हात उचलले आणि सातवी तकबीर इतक्या मोठ्याने म्हटली की दगडी गडग्यापलीकडच्या घरात दिगंबरकाकांचा कुत्रा भुंकला.

सलाम फिरवून नमाज संपल्यावर आई म्हणाली, "येवढे मोठे दुकानाचे मालक, आणि सातापर्यंत मोजूक येणा नाय." आम्ही पोट धरून हसलो. बाबाही हसले. मग ते आमच्याकडे तोंड करून बसले, कारण नमाजानंतर खुतबा, म्हणजे छोटंसं प्रवचन, द्यायचा असतो. अरबीतलं पाठ होतं तेवढं म्हटलं आणि ते अडले. मग आपल्या रोजच्या बोलीत म्हणाले, "इतकी वर्सां आमी नमाज पडून येतंव आणि जेवतंव. तुमची ईद खंय आसता, ह्या मी कधी इचारूकच नाय." एवढंच. मान खाली घालून चटईची काडी उपटत राहिले. आईने पदर तोंडावर घेतला. माझ्या वडिलांवर माझं प्रेम होतंच, पण त्या क्षणी ते मला जेवढे आवडले तेवढे आधी कधीच आवडले नव्हते. मग ईदची गळाभेट आली. बाबा आमच्यासमोर आईला मिठी मारायला पुढे झाले, तर ती "पोरी बघतत!" म्हणून स्वयंपाकघरात पळाली. सांदणं खाली लागली होती. त्या दिवशी ती आम्ही खरवडून खाल्ली.

मशिदी उघडल्या तेव्हा आम्ही मुकाट्याने चुलीपाशी परत गेलो. ते काय, संकटापुरतं होतं. बाबा मशिदीत गेले, परत आले, अंगणात पाहुणे जमले... पण बाबांनी टोपी काढली नाही. आत येऊन विचारलं, "सगळ्यांची वजू आसा मां?" पाहुण्यांना सरबत देऊन बसवलं आणि पडवीत चटई पडली. बाजारात कोणीतरी टोकलंही. "मौलवींक इचारलंय, चलता म्हणाले," असं सांगून ते मोकळे झाले. त्यानंतर एकही ईद चुकली नाही. मी दर ईदला कसालहून त्याच चटईसाठी जायचे, उगाच कशाला नाही म्हणू? आणि दर ईदला बाबा सहाव्या तकबिरीनंतर थांबायचे. दर ईदला आई टाळी वाजवायची.

नसरीनचं ठाम मत, की ते मुद्दाम करतात. मी म्हणायचे, नमाजात कोणी मस्करी करतं का, खरंच विसरत असतील. पण वाव मोजणारा माणूस सातात कसा अडकेल? गेल्या वर्षी मी त्यांना सरळ विचारलं. ते शिरखुर्म्याची वाटी तोंडाला लावून बसले होते. म्हणाले, "मागे तुझी आवस आसा मां? म्हणान मी मोजणंयच नाय." आणि वाटी पुढे केली, अजून हवा म्हणून.

म्हणून म्हटलं, दुकानात मागे आई नव्हती. ती असती तर... हे खुळ्यासारखं बोलणं आहे, मला कळतं. डॉक्टर म्हणाले, कोणीच काही करू शकलं नसतं. पण रात्रंदिवस डोक्यात तेच आहे. हात पसरून थांबलेले बाबा, आणि समोर आदराने गप्प उभं राहिलेलं गिऱ्हाईक.

आता गेल्या आठवड्यात ईद झाली. पडवीतल्या जमातीचं काय, हे कोणी काढेना. आई नवरा गेल्यानंतरच्या इद्दतीत, घराबाहेर पडत नाही, आणि बाबा गेल्यापासून लागेल तेवढंच बोलते. मला एकच धास्ती होती, की आम्ही तिघी पहाटे उठू, चुलीपाशी बसू, आणि ती ईद जणू कधी झालीच नव्हती असं होईल. नसरीन तांदळाचं पीठ घोटत होती. मी नारळ खवत होते. वाडीतली पुरुष मंडळी मशिदीत गेली. तेवढ्यात आई उठली, चुलीतली लाकडं मागे ओढली आणि म्हणाली, "वजू करा."

पडवीत तिने स्वतः चटई अंथरली. पुढे बाबांची हिरवी जानमाज अंथरली. त्यावर मात्र ती उभी राहिली नाही. बाई बायकांना नमाज पढवते तेव्हा रांगेतच, मधे उभी राहते. म्हणजे आई तिच्या नेहमीच्याच जागी होती. तिचा आवाज असा मोठ्याने, असा नमाजात, मी पहिल्यांदाच ऐकत होते. बाबांसारखाच आधी कापरा, मग लागला. मी मोजत होते. नसरीनही मोजत असणार. या वेळी चूक होऊ द्यायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चौथी. पाचवी. सहावी.

आणि आईने टाळी वाजवली.

हातांनीच वाजवली असणार, तिने नाही. मग ती तशीच उभी राहिली, आणि आम्हीही. कारण टाळीनंतरची तकबीर बाबा म्हणायचे. समोर ती हिरवी जानमाज होती, आणि आम्ही तिघी थांबलो होतो.