स्वयंपाकघरातला स्पीकर

काल इअरफोनची डावी बाजू बंद पडली आणि एका जुन्या इंग्रजी गाण्यातला गायकच नाहीसा झाला. उरले नुसते ड्रम. मला धरमपेठेतल्या आमच्या घरातली सत्तरच्या दशकातली एक दुपार आठवली.

नवा स्टिरिओ आला तेव्हा बाबांनी दोन स्पीकरची वाटणी केली होती. एक बैठकीत, दुसरा लांब वायर ओढून स्वयंपाकघरात, म्हणजे आईलाही ऐकू येईल. त्या दुपारी मी लंडनच्या एका बँडची रेकॉर्ड लावली आणि बाबा भडकले.

"काय धडधड लावून राहिली वं? याले गाणं म्हणतात? बंद कर!"

आतून आई म्हणाली, "अहो, बंद काहून करता? किती गोड गाऊन राहिला पोरगा!"

मी आत धावले. तिथे लसणाच्या फोडणीचा वास आणि नुसता गाणारा गळा, ड्रम नाहीतच! त्या बँडवाल्यांनी रेकॉर्डिंग करताना गायक एका स्पीकरला दिला होता, वाद्यं दुसऱ्याला, आणि आम्ही मध्ये भिंत घातली होती.

बाबांचा हात बटणाकडे गेला. "थांबा," मी म्हटलं. घरात त्यांना असं कोणी म्हणत नसे. तो तेलकट स्पीकर मी बैठकीत आणला, आई-बाबांना दोन्ही स्पीकरच्या मधोमध बसवलं आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

बाबा शेवटपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "गोंधळच आहे."

स्पीकर मात्र मी परत आत जाऊ दिला नाही. आजही कुणी एखाद्या गाण्याला गोंधळ म्हटलं, की मी आधी विचारते, कुठल्या खोलीत बसून ऐकलंत?