ढोलकीशेजारची पेटी

"थांबा मास्तर, हिला अजून जाग न्हाई." कार्यक्रमाआधी ढोलकीला कान लावून आमचे ढोलकीवाले असं म्हणायचे. लोक खोळंबलेले, मी पेटीवर बोटं ठेवून बसलेलो आणि हे आपले दोऱ्या ओढतायत. पहिली थाप पडली की शिट्ट्या. माझे सूर कधीचे लागलेले असायचे, ते कुणाच्या गावीही नसायचं.

अठ्ठावीस वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या शेजारी बसणाऱ्याकडे कधी पाहिलंत?

कवठे महांकाळच्या जत्रेत एकदा ऐन रंगात वीज गेली. माझी पेटी चौथ्या रांगेपर्यंतही पोचेना. हे ढोलकी कमरेला बांधून थेट लोकांत उतरले. सगळं मैदान उभं राहिलं. नंतर एका म्हातारीनं त्यांची दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली आणि मला म्हणाली, "तुमी बी बरं वाजवता."

ते पोट धरधरून हसले. मला हसू आलं नाही.

गेल्या महिन्यात विश्रामबागच्या एका मंडळाचा मला फोन आला. जुन्या लोककलावंतांचा कार्यक्रम ठरत होता, पोस्टरवर फोटो त्यांचा. "या वयात झेपेल ना त्यांना?" एवढंच विचारलं.

मी म्हणालो, "हात थरथरतो त्यांचा. अवघड आहे."

हात थरथरत नव्हता.

चार दिवस कसेबसे काढले. शेवटी इस्लामपूरला त्यांच्या घरी जाऊन सांगून टाकलं. त्यांनी मला मंडळाला फोन लावायला सांगितलं. वाटलं, गेली अब्रू.

"व्हय, मास्तर खरं बोलले," ते फोनवर म्हणाले. "हात चालत न्हाई माझा. त्यास्नीच मानानं बसवा."

फोन परत देताना म्हणाले, "येवढं पायजे हुतं, तर मागायचं रं."

पुढच्याच आठवड्यात ते साताऱ्याला लेकीकडे राहायला गेले.

कार्यक्रम या रविवारी आहे. पोस्टरवर माझा फोटो आहे. निदान ऐकायला तरी या, असं सांगायला परवा मी साताऱ्याला गेलो. जिना चढताना वरून ढोलकी ऐकू आली. मोकळी, खणखणीत. घरातली माणसं टाळ्यांचा ठेका धरत होती.

मी दाराशी उभा राहिलो. लाज वाटायला हवी होती, वाटलीही. पण तिच्याआधी मनात तीच जुनी जळजळ उठली.

बेल न वाजवता मी खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या रिक्षात बसेपर्यंत ढोलकी ऐकू येत होती.