हसण्याचा राहिलेला शॉट

भूतबित, भानामती... मी शाळामास्तर आहे, पोरांच्या डोक्यातून हेच काढण्यात माझा जन्म चाललाय. तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा. मला आता येत नाही.

आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंड्याच्या पुढे हायवेपासून आत एका शेतात आम्ही शॉर्टफिल्म करत होतो. रझाकारांनी जाळलेल्या गावाची. गाव काल्पनिक, दिग्दर्शक श्रीकांत हैदराबादचा, मराठी संवाद माझे. खरी पंचाईत प्रेतांची! आजूबाजूच्या बाया चहा देत, जुनी लुगडी देत, पण मेल्यासारखं पडायला कुणी तयार होईना.

"ज्याईच्या घरचे खरंच मेले, त्याईनं मेल्याचं नाटक काऊन करावं?" एकीनं तोंडावर विचारलं.

शेवटी मी माझ्या धाकट्या बहिणीला, सुनीताला, गळ घातली.

सिनेमावाल्यांची एक रीत असते. मेल्याचा शॉट झाला की नटानं उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, म्हणजे अपशकुन टळतो. सुनीता त्या बायांनी दिलेल्या एका हिरव्या लुगड्यात विहिरीजवळ पालथी पडली, शॉट झाला, आणि ऊन गेलं म्हणून श्रीकांतनं घाईत पॅकअप केलं. हसणं राहिलं.

घरी ती जेवली नाही. फरशीवर पालथी पडली — एक हात पोटाखाली, अगदी शॉटमधल्यासारखा. अंग गार! बोलेना. डॉक्टर म्हणाले, थकवा. आई म्हणाली, "तिले जिथं पाडलं, तिथंच हासवून आन."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिला तिथंच पालथं निजवलं, अंगातल्या पंजाबी ड्रेसवरच. श्रीकांतनं कॅमेरा सुरू केला. "सुनीता, ऊठ! हास!"

ती उठली. हसली. डोळ्यांत जीव आला. मला तर रडूच फुटलं.

श्रीकांत मॉनिटरसमोर थिजला होता. "सर... ये कौन है?"

मॉनिटरवर सुनीता हसत होती. आणि तिच्या मागे, ती उठली त्याच जागी, हिरव्या लुगड्यातली बाई पालथी पडलेली होती. मान वर करून पाहिलं — नुसती माती. परत मॉनिटर — बाई.

कालचं फुटेज मिसळलं असेल म्हणून सगळं तपासलं. पण काल सुनीताचा अंबाडा होता. हिचे केस मोकळे.

फिल्म तिथंच थांबली. सुनीताला आम्ही काहीच सांगितलं नाही, तिनं मॉनिटर पाहिलाही नव्हता. गाडीवर ती माझ्या मागे बसली होती, निर्मलच्या रस्त्याला लागल्यावर थोडी पुढे वाकली. मग हळूच म्हणाली,

"दादा, मले तं उठवलं तुमी. तिले कोन हासवनार?"