खरवडलेलं नाव

शेजारच्या नानांना जुन्या वस्तूंचा भारी नाद. आज त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर बाजारातून आणलेल्या पितळी डब्याचा फोटो टाकला. सगळे वा वा करत होते. मी फोटो मोठा करून पाहिला, तर झाकणावर घातलेलं नाव गेलेलं.

"घासून घासून गेलं असेल हो," जिन्यात भेटल्यावर मी विचारलं तेव्हा नाना म्हणाले.

मग त्याला लागून कोरलेली नाजूक वेल कशी शाबूत राहिली? नाव कुणीतरी कानशीने खरवडलं होतं. माणूस गेलं तरी नाव घरात राहावं म्हणून तर भांड्यावर घालतात. विकणाऱ्याला त्याचीच अडचण झाली असणार.

घरी येऊन मी माझ्या आईच्या नावाचा डबा बाहेर काढला. सूनबाई कौतुकाने म्हणाली, "अय्या, किती सुंदर! फोटो काढू?"

"काढ," मी म्हटलं, "पण नाव दिसेल असा काढ."